भैय्यालालचा अकरावा महिना

मोहबोडीत बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, आणि भासऱ्याचं तर ओठावरही येऊ देत नाही. भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. तो समोरून आला की पदर ओढायचा, वाट सोडायची, आणि बोलायचंच झालं तर दाराशी, भिंतीशी, नाहीतर गोठ्यातल्या म्हशीशी बोलायचं. भासऱ्यानंही हेच करायचं. कुंताबाई या घरात सून होऊन आली त्याला एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तिनं भैय्यालालला जे जे सांगितलं ते आधी म्हशीनं ऐकलं. तीन म्हशी बदलल्या. पद्धत बदलली नाही.

एरवी कुंताबाई कोणाच्या बापाला भिणारी नव्हती. ती गावची आशा होती. अडलेल्या सुनेला दवाखान्यात न्यायला नाही म्हणणाऱ्या सासऱ्याच्या दारात तिनं ठिय्या दिला होता. सरपंचाच्या नालीतल्या मच्छरांच्या अळ्या बाटलीत भरून ग्रामसभेच्या टेबलावर ठेवल्या होत्या. पण अंगणात भैय्यालाल खाकरला की हीच बाई पालीसारखी भिंतीला चिकटायची.

भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा झाला तेव्हा मोहबोडीच्या लोकांना वाटलं होतं, जिल्हा लहान झाला, आता साहेब जवळ येईल. साहेब आला नाही. वीसेक वर्षांनी साहेबाचा मोबाईल आला. तो आशांना वाटला गेला. त्यात गावातल्या गरोदर बायांची नावं भरायची. नाव भरलं की त्या बाईला दर आठवड्याला फोन जाणार, काय खावं, कधी तपासावं ते सांगणार. तारीख उलटली की तिचं नाव लाल होणार, ते वर साहेबाला दिसणार आणि साहेब धावून येणार. कल्पना चांगलीच होती. खोट कल्पनेत नसते, तिच्यावर ताट मांडून बसणाऱ्यांत असते.

हा मोबाईल कसा चालवायचा ते शिकवायला हिवाळ्यात तालुक्याच्या गावी सभा भरली. पुण्याहून इस्त्रीच्या कपड्यांतला एक पोरगा आला होता. त्यानं सगळ्या आशांना सांगितलं, कोणतंही एक नाव टाकून पाहा, हा सराव आहे, सोमवारी सगळं पुसलं जाईल. बायांनी भराभर नावं टाकली. कोणी सीता टाकली, कोणी रुक्मिणी, एकीनं स्वतःच्या सासूला सात महिन्यांची करून टाकलं आणि सगळी बाकं हसली.

कुंताबाईचं बोट मात्र हवेत अडकलं. सासू आठवली, ती मेलेली. जाऊ आठवली, तिच्याशी तिचं चांगलं होतं. आणि मग तिला जे सुचलं ते एखाद्या शहाण्या बाईलाच सुचू शकतं. नाव न घेण्याचा नियम तोंडाला होता. बोटाला कोणी काही सांगितलं नव्हतं.

तिनं आजूबाजूला पाहिलं आणि 'भै' लिहिलं. कोणी ओरडलं नाही. आभाळ पडलं नाही. मग पुढची अक्षरं तिनं चोरून बोरं खावीत तशी एकेक करून टाकली. भैय्यालाल. एकोणीस वर्षांचं अडकलेलं नाव त्या काचेवर असं मोकळं उभं राहिलं की तिच्या अंगावर काटा आला. वय छप्पन्न टाकलं, मोबाईलनं नको म्हटलं. सव्वीस टाकलं, त्यानं घेतलं. पाळी कधीची, तर दिवाळीच्या पाडव्याची. फोन नंबर, तर तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे हातभर मोठ्या आकड्यांत रंगवलेला, गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ असलेला. पुरुष की बाई हे मोबाईलनं विचारलंच नाही. तिनं 'जमा करा' दाबलं. मोबाईल टिंग वाजला आणि म्हणाला, अभिनंदन.

तिनं घाईनं पदर डोक्यावर घेतला.

सोमवार आला. पुष्कळ सोमवार आले. पुण्याचा पोरगा पुन्हा आला नाही, आणि नाव पुसलं गेलं नाही. कुंताबाईच्या मोबाईलमध्ये गावातल्या खऱ्या गरोदर बायांच्या वर, सगळ्यांत पहिलं, भासऱ्याचं नाव बसलं होतं. यादी उघडली की ती आधी पदर ओढायची, मग बोटानं नाव वर ढकलून द्यायची. कोणाला विचारायचं तर नाव घ्यावं लागणार होतं. म्हणून तिनं विचारलं नाही. आज जाईल, उद्या जाईल, असं म्हणत पावसाळा लागला.

*

भैय्यालाल म्हणजे बोडीच्या पाळीवर उभा राहून हाक मारली तर पाण्यातली बदकं उडावीत असा माणूस. ट्रॅक्टर स्वतःचा, मळणीचं मशीन स्वतःचं, आणि बायकोशी बोलताना वापरायची वाक्यं चार. पाणी दे. जेवण दे. कुठी आहे. काहून. असल्या माणसाला रोवणीच्या दिवसांत काहीतरी झालं.

आधी त्यानं तंबाखूचा खर्रा सोडला. गावाला वाटलं, दात दुखत असेल. मग तो रोज अंबाडी नाहीतर पातूर, म्हणजे पाल्याची, भाजी मागू लागला. मग धानाचं पोतं उचलायला सांगितलं तर म्हणे, वजन उचलायचं नाही. आणि शेवटी कहर म्हणजे, बांधीत बाया चिखलात वाकून रोवणी करत असताना हा मालक भर दुपारी मोहाच्या झाडाखाली आडवा होऊ लागला. तोही डाव्या कुशीवर. उजव्या कुशीवर वळला की दचकून जागा व्हायचा आणि परत डावीकडे फिरायचा.

त्याची बायको निर्मलाबाई, म्हणजे कुंताबाईची मोठी जाऊ, हे सगळं बोरिंगवर सांगायची. एके दिवशी तिनं घागर खाली ठेवली आणि आवाज उतरवला. दर बुधवारी त्याला एका बाईचा फोन येतो, म्हणाली. तो फोन घेऊन ट्रॉलीमागे जातो. स्वतः काही बोलत नाही, नुसता ऐकतो. परत येतो तेव्हा हसत असतो.

"हासते, कुंता. लगनातई नाई हासला माणूस."

कुंताबाईनं तिची समजूत घातली. या वयात कोणती बाई लागणार, म्हणाली, साखर वाढली असेल. तिनं जावेच्या हातून निरोप पाठवून भासऱ्याची साखर तपासायला बोलावलं. भासऱ्यानं उलटा निरोप पाठवला: साखर ठीक आहे, पण तुझ्या पिशवीत त्या लाल गोळ्या असतात ना, रक्त वाढवायच्या, त्या असल्या तर दे. कुंताबाईनं दिल्या. त्यात काय एवढं, असं तिला वाटलं. माणूस आपल्याच पापावर पाय देऊन उभा असतो आणि जमीन गरम काहून लागते म्हणतो.

*

पोळा झाला आणि आरोग्य केंद्रातून अश्विनचा फोन आला. अश्विन तिथला कॉम्प्युटरवाला. पोरगा वाईट नव्हता. पगार तीन-तीन महिने मिळत नसला तरी रोज केस विंचरून यायचा. तो म्हणाला, कुंताताई, तुमच्या गावातली एक बाई तारीख उलटून बसली आहे, पार लाल झाली आहे, वजनाची नोंद नाही, रक्ताची नोंद नाही, एकही तपासणी नाही. काय ते मिटवा.

तिनं विचारलं, कोणती बाई.

"भैय्यालाल."

हे नाव त्यानं अगदी सरळ उच्चारलं. त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. आणि एकट्या त्यालाच का दोष द्यावा? आरोग्य केंद्रातून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला हे नाव महिनोन्महिने जात होतं. प्रत्येकानं मोजलं होतं, कोणी वाचलं नव्हतं. वाचायला वेळ लागतो. मोजायला कॉम्प्युटर आहे.

दसऱ्याच्या आधी कुंताबाई लाल नावासकट आरोग्य केंद्रात उभी होती. तोवर भैय्यालालला अकरावा लागला होता. अख्ख्या जिल्ह्यात एवढी रखडलेली दुसरी गरोदर नव्हती आणि वरून आदेश आला होता, शुक्रवारच्या व्हिडिओ बैठकीपर्यंत ही केस मिटली नाही तर आशेला कामावरून कमी करा. आशेचं काम म्हणजे तिचं गावातलं नाव होतं. त्याआधी ती लहानी, म्हणजे घरातली धाकटी सून होती, अमक्याची बायको होती, तमक्याची आई होती. पिशवी खांद्याला लागली आणि ती कुंताबाई झाली.

तिनं खरं सांगायचं ठरवलं. पण सांगायचं कसं? ती म्हणाली, ती बाई नाहीच. अश्विन म्हणाला, मग कोण आहे? ती म्हणाली, आमच्या घरचं माणूस आहे. अश्विन म्हणाला, घरची असून तपासणीला आणत नाही म्हणजे कमाल झाली. ती म्हणाली, आमच्या निर्मलाबाईचं माणूस. शेवटी तिनं बोटानं हवेत मिशी काढून दाखवली. अश्विननं कॉम्प्युटरकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि खुर्चीवर मागे रेलला.

मग तो एकेक वाट शोधू लागला. केस मिटवायला कॉम्प्युटरनं पर्याय दिले होते. 'मातेचा मृत्यू' दाबलं तर भंडाऱ्याहून चौकशी समिती येणार, प्रेत मागणार. 'स्थलांतर' दाबलं तर दुसऱ्या एखाद्या गावच्या आशेनं ही बाई आमच्याकडे आली असं मान्य करायला हवं, आणि अकरा महिन्यांची लाल बाई कोणती आशा पदरात घेईल? 'चुकीची नोंद' हा पर्याय सगळ्यांत खाली, बारीक अक्षरात होता. तो दाबला की गरोदर बाईच्या फोनवर ओटीपी जाणार, तो तिनं सांगायचा, मग नाव निघणार.

कुंताबाईला हायसं वाटलं. ओटीपी तर घरातलाच होता.

*

घरी तिनं निर्मलाबाईला मधे घातलं. कुंताबाई ओसरीत मोबाईल घेऊन बसली, भैय्यालाल अंगणापलीकडे ट्रॅक्टरपाशी. केंद्रातून अश्विननं बटण दाबलं. भैय्यालालच्या फोनवर आकडे आले. आता त्यानं ते निर्मलाबाईला सांगायचे, तिनं अंगण ओलांडून कुंताबाईला सांगायचे, कुंताबाईनं अश्विनला. निर्मलाबाई गुडघ्यानं अधू. पहिल्यांदा ती तुळशीपाशी पोहोचेतो शेवटचे दोन आकडे विसरली. दुसऱ्यांदा सगळे आणले, पण तोवर ओटीपी मेला होता. सरकारनं तो हाताशी हात लागणाऱ्या माणसांसाठी बनवला होता. भासरा आणि लहानी यांच्यातलं अंगण सरकारच्या हिशेबात नव्हतं.

तिसऱ्यांदा भैय्यालालनं आकडे सांगितलेच नाहीत. ओटीपी कोणाला देऊ नका असं बँकेचा फोन रोज सांगतो, आणि आता घरातलीच बाई ओटीपी मागते, त्याला यात लबाडी वाटली. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बुधवार होता. निर्मलाबाईनं झडप घातली. इतक्या महिन्यांचा राग तिच्या बोटांत आला होता. तिनं फोन हिसकला, नीट दाबता आला नाही, आणि आवाज सगळ्या अंगणभर मोकळा झाला.

"प्रिय ताई," आतली बाई म्हणाली. आवाज खव्यासारखा गोड होता. "तुमची प्रसूतीची तारीख उलटून गेली आहे. घाबरू नका. आज जेवलात का? दुपारी थोडा आराम करा. घरच्यांना सांगा, या दिवसांत माझी काळजी घ्या."

म्हशीनं रवंथ थांबवला.

निर्मलाबाईनं आधी फोनकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या पोटाकडे. कुंताबाईला लाल गोळ्या आठवल्या, डावी कूस आठवली, पातूर भाजी आठवली. तिनं पदर नाकापर्यंत ओढला आणि गोठ्याकडे तोंड करून म्हशीला सगळं सांगून टाकलं. तालुक्याची सभा, बोटाची गंमत, लाल नाव, शुक्रवार, नोकरी. म्हशीला म्हणाली, चूक माझी आहे, पण त्या आकड्यांवाचून माझं काम जातं, एवढं त्यांना सांग.

भैय्यालाल बराच वेळ ट्रॅक्टरच्या चाकाची माती नखानं काढत राहिला. मग तोही गोठ्याकडे वळला.

"म्हशे, सांग लहानीले. मले मालूम हाये ते मशीन हाये म्हून. येडा नाई मी. पर हप्त्यातून एकडाव इचारते, जेवले का. ह्या घरात मले कोन इचारते? ते बंद नाई करू देत मी."

आणि फोन खिशात घालून तो बोडीकडे निघून गेला. निर्मलाबाई दारात तशीच उभी होती. सवतीचा संशय फिटला होता, पण तिला फार बरं वाटलेलं दिसत नव्हतं.

*

शुक्रवारी केंद्रातून निरोप आला, लाभार्थीला घेऊन या. कुंताबाईनं म्हशीला सांगितलं. भैय्यालालनं म्हशीलाच सांगितलं की ट्रॅक्टर केंद्रावरून जाणार आहे, ज्याला यायचं त्यानं ट्रॉलीत बसावं. कुंताबाई ट्रॉलीत बसली. निर्मलाबाईचा गुडघा सुजला होता, ती घरी राहिली.

केंद्रात तपासणीचा दिवस होता. भिंतीला लागून गरोदर बाया बसल्या होत्या. भैय्यालालनं नर्सला सांगितलं की आपलं नाव यादीत आहे, आणि तो रांगेत बसला. बायांनी थोडं सरकून जागा दिली. नर्सनं डोकं वर न करता त्याचा रक्तदाब मोजला, कागदावर लिहिला आणि म्हणाली, पुढची.

आत डॉक्टर कीर्ती मॅडम आणि अश्विन यांनी कुंताबाईसाठी तोड काढून ठेवली होती. मॅडम नवीन होत्या, थकलेल्या होत्या, आणि त्यांच्या केंद्रात दोन डॉक्टरांचं काम त्या एकट्या करत होत्या. त्या म्हणाल्या, प्रसूती दाखवून टाकू. मुलगा, पावणेतीन किलो, बाळ-बाळंतीण सुखरूप. ओटीपी लागत नाही. गाव हिरवं होतं, तुमची नोकरी राहते. कुंताबाईनं विचारलं, मग त्या मुलाला लस? मॅडम म्हणाल्या, ते नंतर पाहू. नंतर म्हणजे दीड महिन्यानं त्या मुलाचं नाव लाल होणार, हे कुंताबाईला कळत होतं. पण नोकरी आज जात होती. तिनं मान हलवली.

पडद्यावर साहेब आले. त्यांच्या भोवती सगळ्या तालुक्यांची माणसं लहान लहान चौकोनांत बसली होती, सगळ्यांचे आवाज बंद. मोहबोडीची पाळी आली तेव्हा मॅडमनं घाईघाईनं सांगितलं, सर, सकाळीच प्रसूती झाली. साहेब इतके खूश झाले की त्यांनी खुर्ची पुढे ओढली. अकरा महिन्यांची केस सुखरूप! मग म्हणाले, मातेला आणि बाळाला दाखवा.

मॅडमचा चेहरा उतरला. अश्विन मात्र पोरगा हुशार. तो उठला, वॉर्डात गेला आणि आदल्या रात्री बाळंत झालेल्या एका बाईला बाळासकट हाताला धरून घेऊन आला. तिला काही सांगायला वेळ नव्हता. ती बिचारी कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. साहेबांनी प्रेमानं विचारलं, नाव काय तुमचं? ती म्हणाली, मोना. साहेब गोंधळले. अश्विन म्हणाला, सर, माहेरचं नाव आहे. सासरचं भैय्यालाल.

साहेबांना पटलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांना याहून अवघड गोष्टी पटल्या होत्या. ते सगळ्या चौकोनांना उद्देशून बोलू लागले. पाहा, म्हणाले, याला म्हणतात यंत्रणा. अकरा महिने आपण या मातेचा एक दिवसही पाठपुरावा सोडला नाही. मग कुंताबाईकडे वळून म्हणाले, आशाताई, तुम्ही सांगा, हीच ना ती?

नुसतं हो म्हणायचं होतं. हो म्हणायला नाव घ्यावं लागत नाही. एकोणीस वर्षांची रीत तिच्या बाजूनं होती, नोकरी तिच्या बाजूनं होती, मॅडम मागून कोपरानं ढोसत होत्या. पण 'एक दिवसही पाठपुरावा सोडला नाही' हे शब्द तिच्या डोक्यात कोळशासारखे पडले. कोणी केला? कधी केला? या अकरा महिन्यांत तिनं जिल्ह्याहून आलेली गाडी पाहिली नव्हती, तालुक्याहून आलेला माणूस पाहिला नव्हता. लाल झालं तेव्हाही फोन आला होता तो नाव मिटवायचा. बाईची काय अवस्था आहे, हे कोणी विचारलं नव्हतं.

"नाई," कुंताबाई म्हणाली. "भैय्यालाल माहे भासरे होत. भायेर बाकावर बसले हायेत."

तिच्या तोंडून नाव बाहेर पडलं आणि तिनं पदर ओढायला हात नेला. मग हात तसाच खाली आणला.

पडद्यावरच्या सगळ्या चौकोनांत तोंडं उघडली. आवाज बंद होते, त्यामुळे ती सगळी माणसं पाण्यातल्या माशांसारखी हसत होती. साहेब हसले नाहीत. त्यांनी विचारलं, म्हणजे पुरुष? एवढ्यात भैय्यालाल दारात येऊन उभा राहिला. आपलं नाव लहानीच्या तोंडून ऐकून तो आला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते सांगता येत नाही. रीतीनुसार त्यानं रागवायला हवं होतं. तो पडद्याकडे पाहत होता.

"साहेब," तो म्हणाला, बदकं उडवणाऱ्या आवाजात. "अकरा महिने झाले मले. एक मानूस आला नाई पाहाले. मी आहो, म्हून जित्ता आहो. खरी बाई असती त आतापरेंत तिची तेरवी होऊन गेली असती."

चौकोनांतली तोंडं मिटली. साहेबांनी खाली पाहिलं, कागद चाळले, आणि कोरड्या आवाजात म्हणाले, चुकीची नोंद काढून टाका, आत्ताच्या आत्ता.

अश्विननं बटण दाबलं. भैय्यालालच्या खिशात फोन वाजला. त्यानं तो बाहेर काढला, डोळ्यांपासून लांब धरला. मधे निर्मलाबाई नव्हती. म्हैस घरी होती. भिंतीवर हात धुण्याचं चित्र होतं, त्याच्याकडे त्यानं एकदा पाहिलं, पण चित्राला ओटीपी सांगणं त्यालाही बरं दिसलं नाही. त्यानं अश्विनला विचारलं, हे सांगितलं म्हणजे ती बाई परत फोन करणार नाही का? अश्विन म्हणाला, नाही करणार. भैय्यालाल फोन धरून उभाच राहिला. वेळ चालला होता.

"देऊन टाका जी," कुंताबाई त्याच्याकडे पाहून म्हणाली. "माहं काम जाते."

मग एकोणीस वर्षांत भैय्यालाल आपल्या धाकट्या भावाच्या बायकोशी पहिल्यांदा तोंडावर बोलला. बोलला ते सहा आकडे. सावकाश बोलला, एकेक आकडा उचलून ठेवावा तसा. तिनं ते टाकले. ओटीपी मरायच्या आत पोहोचला, आणि मोबाईल टिंग वाजला. या वेळी तो अभिनंदन म्हणाला नाही.

*

कुंताबाईची चौकशी होणार होती, ती झाली नाही. आशेला काढायचं तर कारण लिहावं लागतं, आणि कारण लिहायचं तर साहेबाला आपल्या सहीनं लिहावं लागलं असतं की माझ्या जिल्ह्यात एक पुरुष अकरा महिने गरोदर होता आणि मला कळलं नाही. त्यापेक्षा गाव हिरवं झालं होतं ते बरं. पुढच्या महिन्यात मोहबोडीला कौतुकाचं पत्र आलं. कशाबद्दल ते त्यात लिहिलं नव्हतं.

मोनाबाई घरी गेल्या तेव्हा सांगत होत्या म्हणे, दवाखाना चांगला आहे, फक्त मधेच फोटो काढायला उठवतात.

दसरा झाला. लवकर येणारा हलका धान पिवळा पडला. बुधवारी दुपारी कुंताबाई पिशवी खांद्याला लावून घराबाहेर पडली. मोहाखाली खाट होती. भैय्यालाल डाव्या कुशीवर पडला होता, फोन उशाशी. झोपला नव्हता. फोनकडे पाहत होता. तिची चाहूल लागली तसा तो खाकरला. तिनं पदर ओढला, वाट सोडली, चार पावलं पुढे गेली, आणि परत फिरली.

"जेवले का जी?"

भैय्यालालनं आधी गोठ्याकडे पाहिलं, सवयीनं. म्हैस चरायला गेली होती.

"जेवलो," तो म्हणाला. मग फोनकडे पाहून म्हणाला, "तिचा आवाज गोड होता."

"माहा तं असाच हाये," कुंताबाई म्हणाली आणि पुढच्या घराकडे निघाली.